मापाच्या वहीतला ठणका

दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या पहिल्या तपासणीला मी घरूनच चूक करून निघालो होतो. अमळनेरहून जळगावपर्यंत पॅसेंजरला उभंच राहावं लागेल म्हणून सकाळी दुखण्याची गोळी घेतली. साडेअकराला माझा नंबर लागला तेव्हा ती ऐन भरात होती. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?" मी म्हणालो, "थोडंफार." विषय तिथंच संपला.

मी शिंपी आहे. चोपडा रस्त्यावर मोटारसायकल घसरली, उजव्या नडगीचं हाड गुडघ्यापाशी फुटलं, प्लेट बसली. पायमशीन सुटलं म्हणून मोटर लावली, पण तिचं पेडलही याच पायानं दाबायचं असतं.

प्रमाणपत्राचा अर्ज सायबर कॅफेवाल्यानं स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर भरून दिला. आधार, फोटो, डिस्चार्ज कार्ड, ताजा एक्स-रे, बस. तपासणीत गुडघा किती वाकतो ते कोनमापकानं पाहिलं, पायाची ताकद पाहिली, दोन्ही पायांची लांबी टेपनं मोजली. (टेप जरा सैल धरली होती. सांगावंसं वाटलं, गप्प बसलो.) निकाल आला: अपंगत्व ३८ टक्के. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. त्यातल्या त्यात बरं म्हणजे प्रमाणपत्र तात्पुरतं होतं, दीड वर्षानं पुन्हा बोलावलं होतं.

मधल्या काळात फिजिओथेरपीच्या ताईंनी हिशेब समजावला. पायाच्या बाबतीत दुखण्याला टक्क्यांत मिळवायचे वेगळे गुण आहेत: कामात थोडी अडचण येत असेल तर ३, मध्यम असेल तर ६, काम पार अडत असेल तर ९. वाकडेपणा, बधिरपणा वगैरे धरून हे जादा गुण १० च्या वर जात नाहीत. आखूडपणाचे तेवढे वेगळे. "दादा, किती दुखतं हे सांगू नका. दुखण्यानं काय करता येत नाही ते सांगा," त्या म्हणाल्या.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! आमच्याकडे पुरुषानं दुखणं गिळायचं असतं. ठणका, कळ, सणक असे शब्द ढीगभर आहेत, पण तोंडातून निघतं ते "चालायचंच."

मग मापाच्या वहीतच लिहायला लागलो. छाती ३८, उंची २८, आणि खाली: 'दोन ब्लाउज, वीस मिनिटांनी उठलो. पायऱ्या उतरताना कळ. रात्री दोनला ठणका, मग झोप नाही.' गिऱ्हाइकानं वाचलं तर काय म्हणेल, असं वाटायचं.

दुसऱ्या खेपेला गोळी घेतली नाही. निघताना आई म्हणाली, "डाक्टरले समदं सांगजो, लाजू नको." यावेळचे डॉक्टर वेगळे होते. वही त्यांनी नुसती चाळली. गप्पा मारता मारता मी बूट कसा काढतो, टेबलावर कसा चढतो, हे मात्र बारकाईनं पाहत होते. मला त्यात अपमान वाटला नाही. बाहेर रांगेत लंगडणारा एक जण चहाच्या टपरीवर तरातरा गेलेला मी स्वतः पाहिला होता.

"शिवायला बसलात की किती वेळानं उठावं लागतं?"

"वीस मिनिटं. कापड कापायला खाली बसायचो, ते बंदच झालं."

त्यांनी लिहून घेतलं. गुडघ्याचा कोन पहिल्याइतकाच भरला होता, ताकदही तेवढीच. दुखण्याच्या रकान्यात तेवढे ३ चे ६ झाले. एकूण ४१.

पिवळ्या पट्टीचं दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड आलं. एसटीला आता तिकिटाचा पाव हिस्सा पडतो. कार्ड दाखवलं की कंडक्टर आधी माझ्या पायाकडे बघतो, मग कार्डाकडे. वही अजून लिहितो. काल: 'शाळेचे चार गणवेश. तीनदा उठलो.'