‘देशी ट्रफल’साठी इंदूर ते बस्तर: सोली, माती आणि केशकालचा घाट

निकाल आधीच सांगून टाकतो. ट्रफलच्या वासासाठी जात असाल तर जाऊ नका. बस्तरच्या (छत्तीसगडच्या दक्षिणेकडचा भाग) बोड्याला, म्हणजे तिथल्या रानअळंबीला, ‘देशी ट्रफल’ म्हणणाऱ्यांनी एक तर बोडा खाल्लेला नाही, नाहीतर ट्रफल.

इटलीतल्या आल्बाचा पांढरा ट्रफल (हीही अळंबीच) जमिनीखाली वाढतो, कुत्र्याच्या नाकाने सापडतो आणि कच्चाच पातळ किसून गरम पदार्थावर घालतात. पैसे मोजायचे ते वासाचे. बोडा, म्हणजे अ‍ॅस्ट्रियस, वेगळ्याच कुळातला आणि पोर्चिनी या युरोपातल्या अळंबीच्या जवळचा. तो सरईच्या (साल वृक्षाच्या) मुळांशी जोडून वाढतो, म्हणून त्याची शेती होत नाही आणि भाव चढतो. कच्चा खायचा नाही. चव मातकट, दाताखाली कुरकुर, आत मऊ. भाजी म्हणून उत्तम, पण पास्त्यावर किसायचा विचार सोडा. (खऱ्या ट्रफलच्या कुळातला ‘ट्यूबर इंडिकम’ मसुरीच्या नमुन्यांवरून 1892 मध्ये नोंदला गेला. आज तो बाजारात ‘चिनी ट्रफल’ म्हणून विकला जातो. नाव भारताचं, धंदा चीनचा!)

नर्मदा एक्सप्रेसने बिलासपूर, तिथून रायपूर. यात सांगण्यासारखं काही नाही. खरा त्रास रायपूर ते जगदलपूर (बस्तरचं मुख्य शहर) रस्त्यावर, कांकेर आणि कोंडागावच्या मधे. केशकालचा घाट लांबीला थोडासाच, पण वळणं आवळ आणि ट्रकांची रांग न संपणारी. पावसात एक ट्रक वळणावर अडकला की दोन्ही बाजू ठप्प. बसवाल्याने सांगितलेल्या वेळेत चार तास मिळवून हिशेब धरा. पाणी आणि खायचं कांकेरलाच घ्या. ज्या दिवशी पोहोचणार त्याच दिवशी खरेदी ठेवू नका. परतताना घाटाचे तास मालाच्या आयुष्यातून कापले जातात, हे मुख्य.

हंगाम पहिल्या सरींनंतरच्या उकाड्यात, जून ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत. आधी येतो तो ‘जात बोडा’, गडद आणि मऊ सालीचा. नंतर ‘लाखडी’, पांढुरकी साल, चावायला चिवट. पैसे द्यायचेच तर जातला द्या. सुरुवातीला किलोला 2,000 रुपये आणि वरही ऐकू येतात. आवक वाढली की भाव झपाट्याने उतरतो. चार दिवस थांबणं परवडतं.

आता फसवणूक कुठे होते ते. बोडा सोलीने विकतात, आणि सोली हे माप आहे, वजन नव्हे. मोठे बोडे भरले की मधे पोकळी राहते, आणि प्रत्येक बोड्याला माती चिकटलेली असते. खिशात हातकाटा ठेवा. सोली ओतून तोला, किलोचा भाव काढा, मगच बोला. मातीसकट घेतलेल्या 1 किलोत धुऊन-निवडून 700 ग्रॅमच्या आसपास हाती आला. बसस्टँडजवळच्या दलालाने बाजाराच्या जवळपास दुप्पट भाव सांगितला. जंगलातून पहाटे वेचून आणणाऱ्या बायका बाजारात स्वतः बसतात, त्यांच्याकडून घ्या आणि तिथे चार रुपयांसाठी घासाघीस करू नका.

घेण्याआधी दोन-तीन बोडे उभे चिरून दाखवायला सांगा. आत एकसारखा पांढरा आणि घट्ट, तर घ्या. तपकिरी किंवा भुकटी दिसली तर पिकलेला, फेकायचा. आत जांभळट काळं आणि साल जाड असेल तर तो स्क्लेरोडर्मा असू शकतो, बोड्यासारखी दिसणारी विषारी अळंबी. चिरल्यावर छत्री-दांड्याची आकृती दिसली तर अमानिता या विषारी छत्रीचं न उमललेलं कोवळं ‘अंडं’ असू शकतं. ते हातातही ठेवू नका. स्वतः जंगलात उकरायला जाऊ नका, हे याचसाठी.

प्लास्टिकची पिशवी म्हणजे माल मेला: घाम सुटतो, आंबट वास येतो. बांबूची टोपली, वर्तमानपत्राचे थर, माती तशीच. तोडल्यावरही आत पिकणं चालूच राहतं, म्हणून दोन दिवसांची मुदत धरा. रेल्वेने इंदूरपर्यंत ती जवळजवळ संपते. रायपूरहून विमान मिळालं तरच ताजा आणा. नाहीतर मुक्कामी पाच-सहा पाण्यांतून धुऊन, अर्धे चिरून, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, निथळून थंड करा आणि बर्फाच्या डब्यात आणा. कुरकुर थोडी जाते, भाजी वाचते.

रांधताना बोडा अख्खा टाकू नका. आत उकळतं पाणी साठतं आणि चावताच फुटून तोंड भाजतं. कांदा, लसूण, तिखट, हळद, मंद आचेवर अर्धा तास. गरम मसाला घातलात तर दोन हजारांचा माल बटाट्यासारखा लागेल.

चित्रकोटचा धबधबा वाटेवर नाही, जगदलपूरहून सुमारे चाळीस किलोमीटर पश्चिमेला आहे. बघा, छान आहे.