मँचेस्टरचे 35 प्रश्न, दापोलीची उत्तरं

मी मँचेस्टरला ज्या ऑफिसात मालवाहतुकीचं नियोजन करते, तिथे दरवर्षी एक प्रश्नावली येते. 35 प्रश्न, नाव लिहायचं नाही. कामाचा वेग ठरवण्यात तुमचं काही चालतं का? विश्रांती कधी घ्यायची हे तुम्ही ठरवता का? आपल्याकडून नक्की काय अपेक्षा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? पाळताच येणार नाहीत अशा मुदती मिळतात का? कामाच्या जागच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही इथली सरकारी यंत्रणा, तिने हे प्रश्न तयार केलेत. 2004 पासून ती मालकांना सहा गोष्टी तपासायला सांगते: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, वरिष्ठांचा आणि सहकाऱ्यांचा आधार, आपसातले संबंध, कोणी काय करायचं याची स्पष्टता, आणि बदल करायचे झाले तर ते कसे केले जातात.

आपल्याकडे कारखान्यात यंत्रात हात अडकू नये म्हणून पाटी लावतात. इथे कामाच्या ताणाने माणूस आजारी पडू नये, हेही मालकाने आधीच बघायचं असतं. 1974 चा कायदा आणि 1999 चे नियम तसं सांगतात. पाच किंवा अधिक माणसं कामाला असतील तर हे मूल्यमापन लेखी ठेवावं लागतं.

हे सगळं काही कनवाळूपणातून आलेलं नाही. नॉर्थम्बरलंड काउंटी कौन्सिलमध्ये जॉन वॉकर नावाचे समाजसेवा अधिकारी होते. लहान मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं त्यांच्याकडे यायची, ती वाढत गेली आणि माणसं मात्र वाढली नाहीत. 1986 मध्ये ते कोलमडले. परतताना त्यांना मदतीचं आश्वासन मिळालं, ते काही टिकलं नाही, आणि वर्षभरात ते पुन्हा कोलमडले. पुढे नोकरीही गेली. न्यायालय म्हणालं, पहिल्या वेळी कौन्सिलला अंदाज येणं कठीण होतं. दुसऱ्या वेळी मात्र यायलाच हवा होता. नव्वदच्या दशकातल्या त्या निकालानंतर इथले मालक सावध झाले. कोर्टाचा बडगा दिसल्यावर शहाणपण येतं, एवढ्या बाबतीत इंग्रज आणि आपण सारखेच!

मे महिन्यात घरी आले तेव्हा प्रश्नावली फोनमध्ये होतीच. घर दापोली तालुक्यात, हर्णैजवळ. मुंबईची चुलत भावंडं शनिवार-रविवार येतात, मासे खातात आणि जाताना हमखास म्हणतात, "तुमचं बरंय बुवा, इथे कसलं आलंय टेन्शन." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून एका संध्याकाळी ओटीवर बसून एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला घेतला.

काका आंब्याचे बागायतदार. विश्रांतीच्या प्रश्नावर ते म्हणाले, "ते आमचा फवारणीवाला ठरवतो गो. आणि कामाचा वेग ठरवतो तो वरचा." मोहोर आला की तुडतुडे, फळ धरलं की अवकाळी पाऊस, पाऊस नसला तर उन्हाने गळ. यातून वाचलेला आंबा पेटीत भरून वाशीला पाठवायचा आणि पट्टीची वाट बघत बसायचं. भाव काय मिळाला ते दलालाची पट्टी आल्यावर कळणार. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमची सुपारीची वाडी एका दुपारीत आडवी झाली. सुपारी लावली की हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात. काका त्या वर्षापासून रक्तदाबाची गोळी घेतात. वादळाचा आणि गोळीचा संबंध मी जोडणार नाही. काकी जोडते.

शेजारचे मामा हर्णैच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख आहेत. त्यांचं काम काकांपेक्षा कष्टाचं आणि कितीतरी धोक्याचं. तरी त्यांची उत्तरं वेगळीच निघाली. "वारा फिरला की जाळं ओढायचं नि माघारी यायचं. मालकाचा फोन आला तरी पाण्यात माझंच चालतं." झोप कशी लागते विचारलं तर हसले. त्यांच्याच बोटीवरचा खलाशी मात्र हंगामाच्या सुरुवातीला उचल घेऊन आलेला. ती फिटेपर्यंत कुठे जायचं, कधी झोपायचं, किती दिवस पाण्यात राहायचं, यात त्याला कोणी विचारत नाही. बोट तीच, समुद्रही तोच.

हाच फरक लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत मोजला गेला आहे. 1985 पासून मायकेल मार्मट यांच्या गटाने दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा पाठपुरावा केला. त्याला व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात. डोक्यावर जबाबदारी असलेल्या मोठ्या साहेबाला हृदयविकार होतो, असा सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात हुद्दा जितका खालचा तितका हृदयविकार जास्त निघाला, आणि त्यामागे सिगारेट-चरबीबरोबरच कामावर ताबा नसणं हेही एक कारण दिसलं. त्याआधी 1979 मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी हेच सूत्र मांडलं होतं: नुसत्या बोज्याने माणूस तितका मोडत नाही, बोजा मोठा आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, हे दोन्ही जमून आलं की मोडतो.

आता वहिनीचं ऐका. ती एका पतसंस्थेत आहे. ठेवींचं टार्गेट, पिग्मीचा हिशोब आणि थकीत कर्जाची वसुली, हे तिचं काम. मार्च जवळ आला की रात्री साडेदहालाही ग्रुपवर मेसेज पडतात: अमक्या खात्याचं काय झालं? ती खाती म्हणजे ओळखीचीच माणसं. ज्यांचा मोहोर पावसाने गेला, त्यांच्याच अंगणात जाऊन हप्ता मागायचा आणि रविवारी देवळात त्यांच्याच शेजारी उभं राहायचं. "मला काय अपेक्षित आहे ते माहीत आहे का" या प्रश्नावर ती म्हणाली, "आहे ना. वसुलीही करायची आणि माणूसही दुखवायचा नाही." दोन वर्षं तिला ॲसिडिटी आहे, मान धरते, पहाटे तीनला जाग येते. गोळ्या तिन्हींच्या वेगवेगळ्या.

पायाखाली फुरसं आलं की ॲड्रिनलिन धावतं, काळीज धडधडतं, रक्तातली साखर वाढते, पचन मागे पडतं. मागून कॉर्टिसॉल येतं आणि शरीराला तयारीत ठेवतं. फुरसं गेलं की सगळं उतरतं, आणि यात वाईट काहीच नाही, जीव वाचतो. रात्री साहेबाचा मेसेज वाजला की शरीर तीच तयारी करतं. फक्त हे फुरसं पायरीखालीच मुक्काम ठोकतं. मग झोप तुटते, रक्तदाब चढा राहतो, बारीकसारीक आजार धरून ठेवतात, साधी बेरीज चुकते. बेरीज चुकली की पुन्हा साहेब.

इथे मँचेस्टरला सगळं आलबेल आहे असं समजू नका. ताण वाढला की आमच्या कंपनीतही आधी ध्यानाचं ॲप येतं, मग फळांची टोपली, आणि ज्या माणसाच्या जागी दोन हवेत तिथे तो एकटाच राहतो. पण एक गोष्ट मला मोलाची वाटते. माझी सहकारी ताणामुळे रजेवर गेली तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. पहिले सात दिवस तर चिठ्ठीही लागत नाही, आपणच कळवायचं. ती परतली तेव्हा आधी अर्धाच दिवस काम करत होती. कुणी 'मनाने कमकुवत' म्हटलं नाही, निदान तोंडावर तरी. वहिनीने असं कारण लिहून रजा मागितली तर काय होईल, हे आम्ही दोघींनी डोळ्यांपुढे आणून बघितलं आणि विषय बदलला. तिला 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर मात्र देऊन आले. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिने तो 'गॅस एजन्सी' या नावाने सेव्ह केला.

सगळे प्रश्न संपल्यावर तिने विचारलं, "या फॉर्मचं पुढे होतं काय?" खरं तेच सांगितलं: बहुतेक वेळा एक तक्ता होतो, एक बैठक होते. एकदा मात्र आमच्या विभागात सगळ्यांनी मुदतींबद्दल एकच उत्तर दिलं होतं, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी येणाऱ्या ऑर्डरी सोमवारवर गेल्या. काम तेवढंच राहिलं, पण शनिवार परत मिळाला.

मी इकडे परतल्यावर तिचा फोन आला. तिने आणि आणखी दोघींनी मिळून मॅनेजरना सांगितलं की रात्री आठनंतर ग्रुपवर वसुलीचं नको, आणि थकबाकीदार ओळखीचा असेल तर तिथे दुसरीने जायचं. दुसरी गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली, त्यांनाही ती सोयीचीच निघाली. आठची वेळही चालेल म्हणाले. मार्च सोडून.