तुम्ही विचारलंत म्हणून: पेसाहच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन घरभर काय शोधतात?

मार्च-एप्रिल आला की शेजारीपाजारी हमखास विचारतात: तुम्ही बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) मंडळी सणाच्या आदल्या रात्री दिवे मालवून मेणबत्तीच्या उजेडात काय शोधता? आणि भात चालतो तर पोळी का नाही?

पेसाह म्हणजे मराठी बायबलातला वल्हांडण. मिसर देशातून निघताना कणीक फुगायला वेळ मिळाला नाही, त्याची आठवण म्हणून आठ दिवस घरात हमेत्स, म्हणजे खमीर, ठेवायचं नाही. गहू, खपलीच्या जातीचा गहू, जव, राय आणि ओट या पाच धान्यांच्या पिठाला पाणी लागलं आणि ते १८ मिनिटांत भाजून झालं नाही, तर ते हमेत्स. तांदूळ या पाचांत नाही. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंनी भात आणि डाळीही वर्ज्य केल्या, आपल्याकडे ती रीत नाही. म्हणून भात चालतो, पोळी चालत नाही.

रात्रीचा शोध ही फक्त शेवटची तपासणी असते. खरं काम दोन-तीन आठवडे आधी सुरू होतं, आणि ते मराठी स्वयंपाकघर ओळखणाऱ्यालाच नीट जमतं. पाव, खारी, बिस्किटं, रवा, शेवया कुणीही काढेल. पण मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा असतोच. बाटली मसाल्यात भाजलेला गहू दळलेला असतो. दुकानातल्या डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवरचे घटक वाचल्याशिवाय तो ठेवू नये. सोया सॉस, बिअर, दुधात घालायची माल्टची पावडर हेही त्यातलंच. कोकणात जुनी माणसं आंबट रसाचं मडकं या दिवसांत झाकून बाजूला ठेवत, आणि सणाचं जुनं नावही त्यावरूनच पडलं होतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती तांदळाच्या पिठात. तांदूळ शुद्ध, पण गिरणीत आपल्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि जात्याच्या पाळीला चिकटलेलं पीठ आपल्या डब्यात येतं. म्हणून सणाचे तांदूळ धुऊन, कडकडीत वाळवून घरीच दळावेत. त्याआधी ते पांढऱ्या कापडावर पातळ पसरून तीनदा निवडायचे. तीनदा अशासाठी, की गव्हाचा दाणा तांदळात पहिल्या नजरेला सुटतो. सुरती कोलमसारख्या बारीक तांदळात तो चटकन दिसतो, जाड तांदळात लपतो.

आता आदली रात्र. एप्रिलच्या मध्यात मुंबईत सूर्य सुमारे ६:५५ ला मावळतो. सव्वासात-साडेसातला चांदण्या दिसल्या की लगेच सुरुवात करायची, जेवण नंतर. एकाच वातीची मेणबत्ती घ्या. पीळ घातलेली जाड मेणबत्ती नको, कारण मोठ्या ज्योतीने काही पेटेल या भीतीने माणूस कपाटाच्या कोपऱ्यात हातच घालत नाही. सिलिंडरजवळ आणि गाडीत टॉर्च वापरावी. सोबत चुरा गोळा करायला पीस, लाकडी चमचा आणि कागदी पिशवी.

पावाचे दहा तुकडे आधीच ठिकठिकाणी ठेवायची प्रथा आहे, म्हणजे शोधाआधीचा आशीर्वाद म्हणून झाल्यावर हाती काहीच लागलं नाही असं होत नाही. तुकडा ऑलिव्हएवढ्याहून लहान असावा आणि कागदात घट्ट गुंडाळावा. सापडलेलं सगळं सकाळी जाळायचं असतं. टोस्ट छान जळतो, पण चुरा सांडतो आणि साफ केलेलं घर पुन्हा घाण होतं. पाव सांडत नाही, पण ओला असला तर नुसता धुमसतो. त्यामुळे आदल्या दिवशीचा, उघड्यावर सुकवलेला पाव उत्तम. ठेवणाऱ्याने दहाही जागा लिहून ठेवाव्यात. नववा तुकडा मिळतो आणि दहावा कुणालाच आठवत नाही, असं फार घरांत होतं.

आशीर्वाद म्हटल्यावर पहिली खोली तपासेपर्यंत इतर काही बोलायचं नाही. मुलांची दप्तरं, शर्टांचे खिसे, सोफ्याच्या फटी आणि फ्रिजच्या दाराचं रबर विसरू नका. त्या रबराच्या घडीत पोळीचा चुरा वर्षभर बसलेला असतो. बोटाने घडी उलटून पीस फिरवलं तरच निघतो.

शोध संपला की घोषणा: माझ्या ताब्यातलं जे खमीर मी पाहिलं नाही, काढलं नाही, ते रद्द होवो, धरणीच्या धुळीसारखं होवो. मूळ शब्द अरामी आहेत, पण म्हणणाऱ्याला अर्थ कळायलाच हवा, नाहीतर त्याने काहीच सोडून दिलं नाही. म्हणून ती मराठीत म्हणायला कुणी लाजू नये. सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मुंबईत १८४६ सालीच मराठी भाषांतरासह छापली गेली होती.

सकाळी सगळं घड्याळावर असतं. सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा भाग करायचे. सूर्योदय ६:२४ आणि सूर्यास्त ६:५५ धरला, तर एक तास साधारण ६२ मिनिटं ३५ सेकंदांचा. चौथा संपतो १०:३४ ला, तोवरच पाव खाता येतो. पाचवा संपतो ११:३७ ला, त्याआधी जाळून दुसरी घोषणा व्हायला हवी, या वेळी पाहिलेल्या-न पाहिलेल्या सगळ्या खमिराची. इथे लोक जाळत बसतात आणि घोषणा राहून जाते. वेळ टळल्यावर ती निरुपयोगी, कारण जे वापरायचा हक्कच उरला नाही ते सोडणार कसं? काही पंचांगं पहाटेपासून मोजतात आणि वेळ आधीची देतात. आपल्या सिनेगॉगचं (प्रार्थनास्थळाचं) वेळापत्रक धरावं.

त्या दिवशी मात्सा, म्हणजे बेखमीर भाकरही रात्रीपर्यंत खात नाहीत. दुपारी मासे-भात चालतो, पण संध्याकाळची भूक राखून.

आदला दिवस शनिवार आला, जसा १२ एप्रिल २०२५ ला आला होता, तर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, जाळता येत नाही. मग शोध गुरुवारी रात्री, जाळणं शुक्रवारी सकाळी, आणि शनिवार सकाळपुरता पाव वेगळा झाकून ठेवायचा. उरलेले तुकडे संडासात टाकून पाणी सोडायचं आणि दुसरी घोषणा मात्र शनिवारीच, पाचव्या तासाच्या आत म्हणायची.