भूकंपानंतर तंबूतली पहिली रात्र

६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ४:१७ ला तुर्कस्तानात ७.८ चा धक्का बसला, आणि दुपारी १:२४ ला दुसरा, ७.५ चा. तडा गेलेल्या घरात स्वेटर आणायला परत शिरायचं का, याचं उत्तर त्या दुसऱ्या धक्क्यात आहे. बर्फ पडत असला तरी नाही.

तंबू मिळाला की सगळी पांघरुणं अंगावर घेतली जातात. चुकतं ते इथेच. दोन ब्लँकेटं असतील तर एक खाली घाला, त्याखाली पुठ्ठ्याचे चार-पाच थर, तळाला प्लास्टिक. गार जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढते. अंगाखाली दबलेलं ब्लँकेट एकटं पुरत नाही, पुठ्ठ्यात हवा टिकते. ओले मोजे आधी काढा.

शेगडीचं मात्र ऐकाच. तंबूत कोळसा ठेवून झोपू नका, 'विझत आलाय' म्हणून तर मुळीच नको. धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटतो, त्याला वास नसतो. डोकं दुखलं, मळमळलं की आधी सगळ्यांना बाहेर काढा. त्यापेक्षा गरम पाण्याची बाटली बरी: झाकण घट्ट, फडक्यात गुंडाळून पायाशी. सकाळी तेच पाणी हात धुवायला (नळ कुठले आलेत तिथे!).