पाखऱ्याची डावी बाजू

पाखऱ्याचं, आमच्या खिलार खोंडाचं, पुसेगाव हुकलं, म्हणजे तिथल्या यात्रेतलं जनावरांचं प्रदर्शन. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे 'खोंड कधी उतरवताय' असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदमच उत्तर मिळेल. मागच्या वेळी त्याच्या डोळ्याखालच्या ज्या गोल डागाबद्दल लिहिलं होतं तो भरून आला, पण तोवर जबड्यावर दोन, मानेवर एक आणि पोळीच्या (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीच्या) कडेला एक असे नवे उठले. गजकर्ण, म्हणजे कातडीवरची बुरशी. डॉक्टरांनी राखाडी जाड खपली बघितली आणि दुसरं काही तपासायचीही गरज नाही म्हणाले. 2022 पासून कातडीवर काहीही दिसलं की आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, म्हणून स्पष्ट लिहिते: लंपी, म्हणजे अंगावर गाठी उठवणारा तो साथीचा रोग, नाही. गाठ नाही, ताप नाही, पायाला सूज नाही. कडबा कडाकडा मोडतोय, रवंथ चालू आहे, मला ढुशी मारायचा उत्साहही शाबूत आहे.

नेलं असतं तरी काय झालं असतं? पाखऱ्या काजळी खिलार, आणि या जातीत पंच आधी कातडीची चमक बघतात, मग वशिंड, मग शिंगांची जोड. आणि यात्रेत दावणीला शेजारी दुसऱ्यांची जनावरं. झूल, कासरा, खरारा, सगळ्यातून हे पसरतं. कुणाच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर आपण बुरशी का सोडायची?

आता खरी डोकेदुखी. इलाज सरळ आहे: कोमट पाण्याने खपली भिजवायची, मऊ ब्रशने अलगद सोडवायची, निघालेली खपली जाळून टाकायची, वर पोविडोन आयोडीन. हातमोजे घालूनच. हे माणसालाही होतं. आईच्या मनगटावर एक चकती उठलीच. नुसतं एवढं केलं तरी जुना डाग आतून भरत येतो. पण तो भरला की शेजारी नवा. खरारा उकळला, म्होरकी बदलली, झूल तर दिवाळीपासून पेटीबाहेर काढलीच नव्हती. तात्यांनी इंजिनाचं जळकं तेल चोपडायचा सल्ला दिला. तात्यांबद्दल आदर आहे, पण जळकं तेल कातडी भाजतं आणि जनावर ते चाटतं. आमच्या गोठ्यात ते येणार नाही. ऑनलाइन मागवलेल्या बुरशीवरच्या शाम्पूचा वास मात्र फार छान होता. त्यापलीकडे त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

डॉक्टरांनी चाऱ्याकडेही बोट दाखवलं. नुसत्या वाळल्या कडब्यावर अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि कातडी कमजोर होते, म्हणून आता रोज लसूणघासाची एक पेंडी सुरू केली आहे. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडे उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) मागेल तेवढं मिळतं, पण ते मी मुद्दाम हात राखून टाकते. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम बांधलं जातं. वाढत्या खोंडाच्या हाडाशी खेळ नको.

उलगडा झाला तो असा. आयोडीन लावण्याआधी मी रोज डागांचे फोटो काढून ठेवते. ते ओळीने लावून बघताना लक्षात आलं की सगळे डाग डावीकडे आहेत. उजवी बाजू आरशासारखी. मग दुपारी कडब्याच्या गंजीआड बसून नुसतं बघत राहिले. पाखऱ्या उठला, अंग ताणलं, आणि गव्हाणीशेजारच्या बाभळीच्या मेढीला, म्हणजे रोवलेल्या लाकडी खांबाला, डावा गाल, मग जबडा, मग मान अशी सावकाश, डोळे मिटून घासायला लागला. मेढीच्या चिरांत केस अडकलेले. त्यातले काही तांबूस होते, म्हणजे याचे नव्हेत. मागच्या पावसाळ्यात बाजारातून आणलेलं तांबडं वासरू त्याच मेढीला बांधलं होतं, आणि त्याच्याही डोळ्याजवळ चट्टा होता. आपोआप गेला म्हणून तेव्हा कुणी विचारही केला नाही. वासरू विकलं गेलं, बुरशी लाकडात राहिली. तिचे बीजाणू कोरड्या लाकडात वर्षानुवर्षं तग धरतात.

मेढ उपटूया म्हटलं तर अण्णा म्हणाले, "ती माझ्या बापानं रोवलीया. जनावर बदल, मेढ न्हाय बदलायची." मग पोल्ट्रीवाल्या शेजाऱ्याची फ्लेम गन आणली, गंजीच्या बाजूला ओली पोती टांगली, पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या आणि मेढ वरपासून खालपर्यंत भाजून काढली. चिरा खरवडल्या, वर चुन्याचे दोन हात. तेव्हापासून नवा डाग नाही! आणि मानेवरच्या डागात मधोमध बारीक लव आली आहे. बोट फिरवलं की मखमल. दिवसातून कितीदा फिरवते ते विचारू नका.

बाकी प्रगती थोडक्यात. छातीचा घेर 60 इंच, लांबी 52. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 660 केलं की 284 किलो वजन येतं. मला यापेक्षा जास्त नकोच. दूध-अंडी चारून खिलाराचा गोळा करायची जी टूम निघाली आहे ती मला पटत नाही. पोट ओढलेलं आणि पाय कोरडे दिसले पाहिजेत. हुलगे भिजवून भरडलेले आणि मूठभर शेंगपेंड, बास. कालव्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर गेला तरी आता चारही पाय रोवून उभा राहतो.

पुढचा बेत पौषातल्या खरसुंडीच्या यात्रेचा. अडचण दातांची आहे. आज तो आदत आहे, म्हणजे सगळे दात दुधाचेच, आणि आदतमध्ये देखणा दिसतो, पण मधला दुधाचा दात हलतोय. तो पडून नवे आले की दोन दातींत, म्हणजे दोन पक्के दात आलेल्यांच्या गटात, उभं राहावं लागणार, आणि तिथे सहा-सहा महिने पुढची खोंडं असतात. लव पूर्ण भरायलाही वेळ हवाच. हे लिहिता लिहिता वाटतंय, पाखऱ्याला चैत्रापर्यंत थांबवावं आणि खरसुंडीला रुक्मी कालवड न्यावी. तिची चाल त्याच्यापेक्षा सरस आहे, फक्त गर्दीची सवय नाही. ती गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला असते, तरी लागण झाल्यावर डाग दिसायला चार आठवडेही जातात. त्यामुळे महिनाभर तिची मान रोज उन्हात तपासायची, ती स्वच्छ निघाली तरच नोंद.

आणि खाज तर सुटणारच, मेढ भाजली म्हणून ती थोडीच जाणार! तेव्हा उन्हातल्या सिमेंटच्या खांबाला काथ्याचे जाड ब्रश बांधून द्यायचे, आठवड्याला काढून उकळायचे. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात मिळाले ते प्लास्टिकचे, धसमुसळ्या खोंडापुढे दोन दिवस टिकणार नाहीत. काथ्याचे कुठे मिळतात ते कुणाला माहीत असेल तर कळवा, आणि भावही सांगा.