सगळे एकच, मग मी कोण?

सगळ्यांत एकच आत्मा आहे म्हणे, पण घरात टीव्हीचा रिमोट कोणाकडे यावरून भांडण होतंच ना, मग हे एकत्व रोजच्या जगण्यात बसवायचं कसं असं मला नेहमी वाटायचं. हल्ली संतांचे अभंग परत ऐकतेय आणि एक गोष्ट जाम आवडली, सगळं विठ्ठलमय झालं असं गातात पण शेवटी नाव स्वतःचंच, तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे. आणि नुसतं नाव नाही हो, प्रत्येकाचा कामधंदा पण तसाच येतो. अरणचे सावता माळी मळ्यातल्या कांदा-मुळ्यात विठाई बघतात, सेना न्हावी हजामतीच्या भाषेत बोलतात, नरहरी सोनार सोनारकामाच्या, आणि जनाबाई तर दळता कांडताना थेट देवालाच मदतीला बोलावते (मला ती सगळ्यात जवळची, उगाच नाही). कोणीच दुसऱ्यासारखं व्हायला गेलं नाही. वारीत पण बघा, सगळे एकमेकांना माऊली म्हणून पाया पडतात, तरी प्रत्येक दिंडीचा नंबर ठरलेला आणि तो चुकवलेला कोणाला चालत नाही! त्यामुळे आता ध्यानाला बसताना "मी" पुसून टाकायच्या मागे मी लागत नाही, आणि रिमोट... तो अजून सासूबाईंकडेच असतो.