घरी कोण बिमार आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोणी नाही. गुडघे सोडले तर आई ठणठणीत आहे. बायको पहाटे उठून सडा टाकते. पोरगी सायकलनं शाळेत जाते. मी तर तुमच्यासमोर उभाच आहे. तरी माझ्या हातात डबलरोटीचा पुडा दिसला, की किराण्यावाल्यापासून पारावरच्या काकाजींपर्यंत सगळ्यांचा एकच सवाल, "काहो, घरी कोन बिमार हाय?"

मागच्या पावसाळ्यात तर हद्द झाली. मोठी आई केळी आणि पारलेचा पुडा घेऊन आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "कवापासून पडली हाय सूनबाई?" सूनबाई तेव्हा छपरीत गोधडी पिळत होती. आणलेली केळी परत कशी पाठवणार? खाल्ली.

आपल्याकडे डबलरोटी म्हणजे तापाचं खाणं, हे मला तुम्ही सांगायला नको. दुधात बुडवायची, साखर टाकायची आणि बाजेवर पडलेल्याला चमच्यानं भरवायची. चांगल्या माणसानं चहात टोस्ट बुडवावा, पाव खायचा तर तालुक्याला गेल्यावर. अंड्याचं तसं नाही. अंड्याचा तर्रीदार रस्सा आणि भाकर असली की ते जेवण. पण तेच अंडं डबलरोटीत घातलं की एक तर दवाखाना, नाही तर शहरी चोचले. मधलं काही नाही.

इतकी वर्षं मी थातुरमातुर उत्तरं देत आलो. पोरीला आवडते. आज उशीर झाला. गिरणी बंद होती. गिरणी तर मी इतक्या वेळा बंद पाडली, की गिरणीवालाच एकदा म्हणाला, "भाऊ, माया धंद्यावर कायले उठले?" त्यातलं एकही उत्तर खरं नव्हतं. खरं उत्तर लांब आहे आणि त्यात मी काही फार चांगला दिसत नाही.

२०१७ ची कीटकनाशकाची फवारणी यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीवर आणि फवारा तोंडासमोर, अशा रीतीनं माणसं ओळींमधून चालत होती. जिल्ह्यात विसाच्या वर माणसं गेली. मी गेलो नाही. धुऱ्यावर ओकारी झाली, डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं, तोंडातून लाळ गळत होती, आणि पुढचं मला ऐकूनच माहीत आहे. दवाखान्यात अकरा दिवस होतो. ॲट्रोपिनची इंजेक्शनं चालली होती. विषानं सुटलेली लाळ त्या औषधानं थांबते, आणि मग तोंड असं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटते. त्या तोंडात डबलरोटी. दूध असलं तर दुधात, नाही तर तशीच. ओला न होणारा कापूस चघळून राहिलोय असं वाटायचं. आणि कापूस मी उभ्या आयुष्यात पुरेसा पाहिला होता.

घरी आलो तेव्हा ठरवून टाकलं, हा पदार्थ आता उंबऱ्याच्या आत येणार नाही. कोणाला सांगितलं मात्र नाही. माझी चूक कुठून सुरू होते हे शोधायचं तर बहुतेक इथून.

आता ती संध्याकाळ. जानेवारी २०१८. गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, राहिली होती ती कवडी, म्हणजे किडका कापूस. आपली वेचणी उरकून बायको दुसऱ्याच्या वावरात किलोवर वेचायला जात होती. अळीनं खाल्लेलं बोंड धड उमलत नाही. बोटांनी उकलावं लागतं आणि त्याच्या वाळलेल्या कळ्यांची टोकं नखांच्या कडेला घुसतात. संध्याकाळी तिच्या बोटांची टोकं लाल ठिपक्यांनी भरलेली असायची. तो रंग मला रोज दिसत होता. पाहत नव्हतो, एवढंच.

त्या दिवशी ती अंधार पडता पडता आली, हातपाय धुतले आणि अंगणातली चूल पेटवली. अंडं आमच्याकडे अंगणातच. आई माळकरी, त्यामुळे अंड्याचा तवा कोठ्याच्या भिंतीवर खुंटीला, उलथायचा सराटाही वेगळा. सोमवार, एकादशी आणि गजानन महाराजांचा गुरुवार वर्ज्य, श्रावण अख्खाच वर्ज्य. उरलेल्या दिवशी आई बाज उचलून वाऱ्याच्या उलट्या अंगाला नेते आणि काही बोलत नाही. तेवढ्यावर आमचा समझोता आहे.

कांदा तेलात पडल्याचा वास आला. मला भूक होती. मग ताट समोर आलं. त्यात डबलरोटीचे दोन काप, त्यांना चिकटलेलं अंडं आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. वाफ येत होती.

मी म्हणालो, "मी का अजून बिमार हाओ? भाकर टाकता येत नाई का घरात?"

आणि ताट सरकवलं. फेकलं नाही, हे मी आजवर स्वतःला बजावत आलो. सरकवलं. पण जमीन चुलीकडे उताराची आहे. एक काप घसरून राखेच्या कडेला गेला.

ती काही बोलली नाही. तिनं तो काप उचलला, फुंकर मारली आणि आपल्या ताटात ठेवला. मग आत जाऊन ज्वारीचं पीठ घेऊन आली. चुलीवर पाण्याला उकळी आणली. भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात हे मलाही माहीत होतं, पण ते पाणी, ती परात आणि ती बोटं एका जागी मी पहिल्यांदा पाहिली. पिठात हात घातल्यावर तिनं दातांवर दात ठेवून एकदाच "स्स" केलं. मग थापायला बसली. दोन भाकरी. सोबत ठेचा आणि तेल.

मी त्या भाकरी खाल्ल्या. ताट सरकवलं त्यापेक्षा मला हेच जास्त लागतं. चांगल्या झाल्या होत्या. मी दोन्ही खाल्ल्या. ती उंबऱ्यावर बसून थंड झालेली डबलरोटी खात होती. पोरगी तिच्या मांडीशी होती, तिनं आपला वाटा केव्हाच संपवला होता आणि बोटं चाटत होती.

त्या माणसाशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, मी कधी कधी भांडतो. म्हणतो, बोटं दिसत नव्हती का रे तुला? तो म्हणतो, अकरा दिवस कोरड्या तोंडानं तू खाऊन पाहा, मग बोल. वर विचारतो, मला कोणी विचारलं होतं का, तुला हे चालेल का म्हणून? त्याचं अगदीच खोटं नाही. पण त्यानं तरी कुठं सांगितलं होतं? आमचं भांडण इथं येऊन थांबतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

त्यानंतर तिनं डबलरोटी आणली नाही. आठ महिने अंड्याचा फक्त रस्सा.

मग मी आणली. कोठ्यात, बैलांच्या समोर, तीन विटांवर तवा ठेवून शिकलो. पहिल्या वेळी तेल इतकं तापलं की अंडं पडल्या पडल्या जाळीसारखं फुगलं, कडा करपल्या आणि बाकीचं रबरासारखं झालं. काप मागून घातले, ते कोरडेच राहिले. बैलानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. बैल चारा खाणारा प्राणी आहे हे मान्य, पण तेव्हा ते मनाला लागलं.

आता जमतं. बिडाचा जाड तवा. खाली पऱ्हाटीच्या काड्या, कारण त्या भडकन पेटतात आणि लगेच बसतात, आणि अंड्याला तेवढाच जाळ पुरतो. बाभळीचं लाकूड वरणासाठी ठेवावं. दोन अंडी गिलासात फोडायची. त्यात बारीक कांदा, मिरची, सांबार, मीठ, चिमूटभर हळद आणि चमचाभर पाणी. तव्यावर ओतलं की थांबायचं नाही. वरचं अंडं ओलं आहे तोवरच काप त्यावर ठेवायचे आणि लगेच उलटायचे, म्हणजे दोन्ही अंगांना अंड्याचा हात लागतो. मग सराटा खालून पूर्ण आत घालून सगळं एकदम पालथं करायचं. खालून काप खरपूस होतात, बाहेर राहिलेल्या अंड्याच्या कडा आत दुमडायच्या. काड्या ओढून घ्यायच्या. उरलेल्या उबेत बाकीचं होतं.

तीन दिवसांची डबलरोटी असेल तर कुटके. शिळ्या पोळीचे करता तसेच. हातानं तोडायचे, मोहरी-कांद्याच्या फोडणीत परतायचे, मधे जागा करून अंडं फोडायचं आणि ते आवळायला लागलं की सगळं एकत्र करायचं. भेदरं, म्हणजे टमाटर, असेल तर उत्तम. डबलरोटी फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथं ती बाहेरच्यापेक्षा लवकर वातड होते. पावसाळ्यात मात्र बाहेर बुरशी धरते, तेव्हा आणली त्या दिवशीच संपवा. आणि कुटारात सापडलेलं गावरानी अंडं आधी पाण्यात सोडून बघा. आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर लांब नेऊन टाका. उन्हाळ्यात हे विसरून मी एकदा गिलासभर कांदा वाया घालवला. आई दोन दिवस अंगणात आली नाही.

पहिल्यांदा नीट जमलं त्या दिवशी मी ताट बायकोसमोर ठेवलं. तिनं खाल्लं. म्हणाली, "मीठ कमी हाय." माफी मागायचं माझ्या मनात होतं, पण तोंडातून "आनतो" एवढंच निघालं. मीठ आणलं. माफी अजून राहिली आहे. आठवड्यातून तीनदा आम्लेट करतो, त्याला माफी म्हणता येत असेल तर म्हणा. मी म्हणत नाही. मला आता ते मनापासून आवडायला लागलंय, आणि जे आवडतं ते करण्यात कसली माफी?

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले. दिलं तेव्हा गावात कोणी विचारलं नाही, पोरं बिमार आहेत का म्हणून. बंद केलं तेव्हाही कोणी विचारलं नाही, पोरं बरी झाली का म्हणून. सवाल फक्त माझ्या पिशवीला.

हे सगळं मी परवा बायकोला वाचून दाखवलं. तिला तूर निवडायची होती, ती निवडत निवडतच ऐकत होती. बोटांचा भाग आला तेव्हा तिनं हात थांबवला.

"थकल्यामुळं नव्हती केली मी," ती म्हणाली.

मग सांगितलं. दवाखान्याच्या फाटकाबाहेर एक गाडा होता. तिथं अंडा-डबलरोटी मिळायची. पाच दिवस ती व्हरांड्यात बसून होती, पोटात चहाच. सहाव्या दिवशी मी डोळे उघडले, तिला ओळखलं आणि पोरगी कुठं आहे असं विचारलं म्हणे. मला काहीच आठवत नाही. तेव्हा ती खाली उतरली, गाड्यावर गेली आणि उभ्या उभ्या दोन प्लेट खाल्ल्या. जानेवारीतल्या त्या दिवशी वेचणीचे पैसे हातात आले होते. कोणाला न विचारता तिनं डबलरोटीचा पुडा घेतला. "तुमाले तवाच सांगनार होती मी," ती म्हणाली, "का हे तुमी उठून बसले तवाची डबलरोटी हाय म्हनून."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? ती म्हणाली, "कायले? तुमाले भाकर पायजे होती."

म्हणजे ज्या कापावरून मी इतकी वर्षं स्वतःशी भांडतोय, त्याची गोष्टच वेगळी होती. आणि बोटांचं म्हणाल तर ती म्हणते, बोटं दर हंगामात तशीच होतात, त्याचं एवढं काय लिहून राह्यले?

आता माझं आम्लेट तिला कसं वाटतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. बरं होते, म्हणाली. पण त्या गाड्यासारखं नाही. त्याच्यात काय वेगळं होतं? तिला सांगता येत नाही. मिरची असेल, तव्याचं तेल असेल, नाही तर तो वरून कायतरी भुरभुरायचा.

"जाऊन इचारा ना तुमी त्याले," ती म्हणाली, "असन तिथंच."

असेल. महिन्यातून एकदा तरी मी यवतमाळला जातो. औषधं, बियाणं, बँक. दवाखान्याच्या फाटकाचा रस्ता आला, की गाडी आपसूक अलीकडच्या चौकातून वळते. येताना डबलरोटीचा पुडा मात्र घेऊन येतो, आणि पारावर कोणी तरी विचारतंच.